लॉकडाऊन, एक जिवलग आणि घराजवळची ठिकाणं : तुमचा अनुभव लिहा

लॉकडाऊनवर आपण सगळे पोटभर बोललो आहोत. डालगोना कॉफी झाली, बायकोने कापलेले केस झाले, थाळ्या झाल्या. हा धागा त्यासाठी नाही.

3 जून 2020 पासून महाराष्ट्रात ‘पुनश्च हरिओम’ सुरू झालं आणि पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात चालायला, धावायला, सायकल चालवायला मुभा मिळाली. लोकल बंद, एसटी नावापुरती, जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास. म्हणजे जायचं ते जवळच, आणि सोबत फार तर एक जण. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी जन्म काढलेल्या गावातल्या गल्ल्या त्या काळात पहिल्यांदा नीट पाहिल्या. बरोबर कोण होतं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकाच माणसाचं असतं, आणि ते माणूस सहसा घरातलं नसतं. मला त्याबद्दल वाचायचंय.

तर लिहा. कुठे गेलात, कोणाबरोबर, तेव्हा तिथे नियम काय होता, आणि काय पाहिलंत. जागेची माहिती असेल तर ती जरूर द्या, नुसता गहिवर नको. मित्रमैत्रिणींची नावं घालू नका, आपण त्यांना विचारलेलं नसतं. पोलिसांना कसं चुकवलं याच्या फुशारक्या दुसरीकडे. परदेशातल्यांनीही लिहा, तुमचे नियम आमच्याहून चमत्कारिक होते असं ऐकून आहे.

पुणे, सदाशिव पेठ

आम्ही दोघी हुजूरपागेतल्या. ती नागनाथ पाराजवळ राहते, मी ना. सी. फडके चौकाच्या बाजूला. ती इतिहासाची शिक्षिका होती, मी बँकेत. दोघी निवृत्त, दोघींची मुलं बाहेरदेशी. जूनमध्ये चालायला परवानगी आली तेव्हा पर्वती बंद, बागांचं आज उघड्या तर उद्या बंद. मग ती म्हणाली, “आपण हौद बघू या.”

मला वाटलं चेष्टा करतेय. फडके हौद हे नाव मी बसच्या पाटीवर आयुष्यभर वाचलं. बदामी हौद, काळा हौद, तांबट हौद, सगळी नावं तोंडात. तिथे खरोखर हौद होता का, असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तिने चालता चालता सगळी व्यवस्था समजावून सांगितली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं, थेट शनिवारवाड्यापर्यंत. नळ म्हणजे पाइप नव्हे, दगडविटांचं बांधीव भुयार, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. मध्ये मध्ये हवेचा दाब सुटावा म्हणून उच्छ्वास, म्हणजे जमिनीवर आलेले दगडी चौकोनी मनोरे. कात्रजकडून शहराकडे येताना त्यातले काही अजून उभे आहेत. मी तिकडून हजारदा गेले असेन. पडक्या भिंतीचा तुकडा असेल, असंच वाटायचं मला. वाटेतल्या हौदांतून लोक पाणी भरायचे, वाड्यावाड्यांतून खासगी हौदही होते.

साडेपाचला निघायचो. दोघींमध्ये छत्रीएवढं अंतर, कारण दोघींच्याही हातात छत्री असायचीच. तिच्या चष्म्यावर मास्कमुळे वाफ धरायची, म्हणून ती दर दहा पावलांना थांबून पुसायची आणि तेवढ्यात एक वाक्य जास्त बोलून घ्यायची. पूर्वेकडच्या पेठांत बऱ्याच गल्ल्या पत्रे ठोकून बंद केलेल्या होत्या, तिकडे गेलो नाही.

एका वाड्याच्या दारात तिने कोणाला तरी हाक मारली. आतून एक म्हातारे गृहस्थ आले. आम्ही उंबऱ्याबाहेर, ते चौकात. मागच्या अंगणातला हौद दारातूनच दिसत होता. कठड्याच्या काळ्या दगडावर बोटभर खोलीचे गोल खळगे होते, ओळीने. ते म्हणाले, घागरी टेकून टेकून पडलेत. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे 1961 च्या जुलैत, याच हौदातलं पाणी वापरायला काढल्याचं त्यांना आठवत होतं. पाऊण तास बोलले. बोलायला माणूस मिळालं नव्हतं त्यांना, ते उघडच दिसत होतं. निघताना म्हणाले, “उद्या आलात तर विहीर दाखवतो.” दुसऱ्या दिवशी गेलो. विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण गेलो.

13 जुलैपासून पुण्यात पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद झाला. तो उठल्यावर गंज पेठेत फुल्यांच्या वाड्यापर्यंत चालत गेलो. फाटक बंद. बाहेर रस्त्यावर उभं राहून तिने मला 1868 सालची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, जोतिरावांनी घरातला हौद अस्पृश्यांना खुला केला ती. मला ती ठाऊक होती, शाळेत सगळ्यांनाच असते. पण आधी दीड महिना फक्त पाणी कुठून यायचं, कोण भरायचं, कोणाच्या अंगणात कोण शिरू शकायचं हेच ऐकत होते ना, त्यामुळे त्या वेळी ती वेगळी ऐकू आली. शेजारून एक भाजीवाला म्हणाला, “बाई, मास्क नाकावर घ्या.” तिचा घसरला होता.

नागपूर

आमचं एक्स्प्लोरिंग म्हणजे गच्ची. मी आणि माझा दोस्त शेजारीशेजारी राहतो, दोन्ही गच्च्यांच्या मध्ये चार फुटांची बोळ. मे महिन्यात सकाळी सहाच्या आत वर, नाहीतर तळपाय भाजतात बे. तो त्याच्या टाकीच्या सावलीत, मी माझ्या. दीक्षाभूमीचा घुमट आमच्या गच्चीवरून दिसतो हे पंचवीस वर्षं राहून माहीत नव्हतं, कारण मधल्या बिल्डिंगच्या जाहिरातीचा फलक तेव्हाच्या वादळात उडाला म्हणून तो दिसला. आता नवीन फलक लागला. एवढंच.

मेलबर्न

आमचे नियम खरंच चमत्कारिक होते. 2 ऑगस्ट 2020 पासून मेलबर्नमध्ये चौथ्या टप्प्याचं लॉकडाऊन लागलं. घरापासून पाच किलोमीटर. दिवसातून एकदा, एक तास व्यायाम. सोबत जास्तीत जास्त एक माणूस. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी. मास्क सक्तीचा. सहा लॉकडाऊन मिळून या शहराने 262 दिवस काढले, पण हा टप्पा सगळ्यात वाईट, कारण इथे तेव्हा ऐन थंडी असते.

मी टार्नेटला राहते, माझी मैत्रीण अल्टोना मेडोजला. दोघींच्या घरांत पाच किलोमीटरहून बरंच जास्त अंतर. तेव्हा पत्ता टाकला की नकाशावर आपलं वर्तुळ काढून देणाऱ्या वेबसाइट निघाल्या होत्या. तिने स्वतःचं वर्तुळ पाठवलं, मी माझं त्यावर ठेवलं. मध्ये भिंगाच्या आकाराचा एक चिंचोळा तुकडा दोघींचा निघाला आणि त्यातून स्केलेटन क्रीक जात होता. क्रीक म्हणजे आपल्याकडे ओढा म्हणतो तेवढाच, काठाने चालायची-सायकलची वाट.

हिशोब असा की सायकलने जायला मला वीस मिनिटं, परत यायला वीस. हातात उरायची वीस. तिचंही साधारण तेच. त्या वीस मिनिटांसाठी मी आदल्या रात्रीपासून तयारी करायचे. काय बोलायचं याची यादीसुद्धा. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. त्या वर्षी इथल्या वृद्धाश्रमांत काय झालं ते आठवत असेल तुम्हाला. यादी बहुतेक वेळा खिशातच राहायची, ती बोलायची आणि मी ऐकायचे. कधी ती काहीच बोलायची नाही, मग आम्ही वाट चालायचो. पुलाखालून फ्रीवे ऐकू यायचा, तोही जवळजवळ बंद. पाण्यावर काळे हंस. ते उडतात तेव्हा पंखांच्या कडा पांढऱ्या दिसतात, हे मला इथे सात वर्षं राहून माहीत नव्हतं.

गणपतीत मी तळणीचे मोदक डब्यात घालून नेले. देवाणघेवाण करायची की नाही, आमचं ठरेना. शेवटी डबा बाकावर ठेवला, मी दहा पावलं मागे गेले, तिने उचलला. कोणी पाहिलं असतं तर काय समजलं असतं देव जाणे.

हा ओढा पुढे चीटम वेटलँड्सला जाऊन मिळतो. ते तिच्या वर्तुळात होतं, माझ्या नाही. ती तिथून व्हिडिओ पाठवायची. एकदा म्हणाली, “इथे पूर्वी मिठागरं होती म्हणे, पाटी आहे.” मी मूळची उरणची. आजोबांकडे मिठागर होतं. तिच्या व्हिडिओत मला बांध ओळखू आले, चौकोनी कप्पे ओळखू आले. मीठ पिकवणं बंद झाल्यावर तिथे आता पक्षी येतात, सायबेरियाकडून येणारे सुद्धा. उरणला तरी वेगळं काय आहे! फक्त तिथे पक्ष्यांच्या डोक्यावर कंटेनर उभे राहिले.

19 ऑक्टोबरला मर्यादा पाच वरून पंचवीस किलोमीटर झाली. त्या सोमवारी कामावर सुट्टी टाकून मी तिथे गेले. पॉइंट कुकच्या बाजूला एक मनोरा आहे, त्यावरून सगळी मिठागरं एका नजरेत दिसतात. ती खाली थांबली, गुडघे दुखतात तिचे. मी वरून ओरडून सांगत होते की हा तापवणीचा कप्पा असणार, हा पिकवणीचा. तिला काही कळत नव्हतं. ती नुसती हो हो म्हणत होती.

दादर, मुंबई

आमच्याकडे वर्तुळ दोन किलोमीटरचं होतं, आठवतंय ना? 28 जून 2020 ला पोलिसांनी सांगितलं, ऑफिस आणि तातडीचं काम सोडून घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही. थोड्याच दिवसांत तो नियम गेला, पण आम्ही तो धरून ठेवला, कारण त्याने मजा आणली होती.

माझा दोस्त बेस्टमध्ये कंडक्टर. सगळे घरात बसले तेव्हा तो ड्युटीवर होता, नर्सेस आणि सफाई कामगारांना घेऊन फिरत होता. सुट्टीच्या दिवशी त्याला घरात थांबवायचं नाही. म्हणायचा, चाल. बसमध्ये उभं राहून ज्याचा जन्म गेला त्याला चालायचीच हौस!

हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा भाग आम्ही बारीक पाहिला. मला नंतर वाचून कळलं की हा भाग असा मोकळाढाकळा, झाडांचा का आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्तीत माणसं पटापट मेली, आणि त्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्या ट्रस्टची. रुंद रस्ते, हवा खेळती राहील असं अंतर. म्हणजे एका साथीने केलेल्या रस्त्यांवरून आम्ही दुसऱ्या साथीत चालत होतो. दोस्ताला सांगितलं तर म्हणाला, “मग आता आपल्या चाळीचं पण काहीतरी करतील.” अजून वाट बघतोय.

दुसरं म्हणजे मैलाचे दगड. दादर-परळ पट्ट्यात ब्रिटिशांच्या वेळचे काळ्या दगडाचे मैलाचे दगड आहेत, फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले, आकडे रोमन. फुटपाथ इतक्या वेळा उंच केलेत की काहींचं डोकंच वर राहिलं होतं. एकावर चहावाला स्टोव्ह ठेवायचा. तो गावी गेला म्हणून दगड मोकळा सापडला. दोस्ताने बोटाने धूळ काढून आकडा वाचला आणि म्हणाला, “या स्टॉपवरून किती वेळा घंटी मारली मी.”

ठाणे

मी थोडं वेगळं लिहितो. सगळ्यांचं गोडच झालं असं नाही.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि आम्हा ठाणेकरांना तलावपाळी सोडून दुसरा तलाव विचारलात तर उपवन, संपलं. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, आम्ही ठरवलं की राहिलेले सगळे बघू. कचराळी, मखमली, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, ब्रह्माळा, रेलादेवी, हरियाली. काही ठिकाणी कुंपण आणि कारंजं, काही ठिकाणी नुसतं हिरवं पाणी आणि म्हशी. मखमली तलाव नाव ऐकून मी काय काय कल्पना केली होती!

पण माझ्या घरी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मधुमेह. त्याच्या घरी तो आणि बायको. तो मास्क हनुवटीवर ठेवायचा. टपरी उघडी दिसली की चहा घेऊ या म्हणायचा. मी नाही म्हणालो की हसायचा. पहिल्यांदा मीही हसलो. मग मी चार हात लांब चालायला लागलो, मग रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. रेलादेवीच्या काठावर त्याने मला खांद्याला हात लावून थांबवलं, काहीतरी दाखवायला, बहुतेक खंड्या होता. मी हात झटकला. जोरात झटकला गेला. तो काही बोलला नाही. आम्ही तसेच घरी आलो.

त्यानंतरही फिरलो, नाही असं नाही. पण त्याला वाटत राहिलं की मी त्याला रोगी समजलो आणि मला वाटत राहिलं की माझ्या आईची त्याला किंमत नाही. दोन्ही खरं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं, तरी बोलणं झालं नाही. आई ठीक आहे. आता लग्नकार्यात भेटतो आम्ही, एकमेकांच्या मुलांची चौकशी करतो. हरियाली तलाव बघायचा राहिला तो राहिलाच.

(आंबेघोसाळ्याला जायचं तर सकाळी जा. बगळ्यांची जागा आहे.)

रेडिंग, इंग्लंड

ठाण्याचं वाचून थांबले जरा. असं खूप जणांचं झालं असणार.

आमच्याकडे 13 मे 2020 पासून दुसऱ्या घरातल्या एका माणसाला बाहेर भेटायची मुभा मिळाली, दोन मीटर लांबून. एकालाच. मी हॉस्पिटलात नर्स. नगरची. माझी मैत्रीण केरळची, त्याच वॉर्डातली. आमची सामाईक भाषा हिंदी, तीसुद्धा दोघींची मोडकी. नाइट संपली की थेट झोपायला जाणं जमायचं नाही, म्हणून केनेट नदीच्या काठाने ती थेम्सला मिळते तिथपर्यंत चालायचं. मग 2021 च्या जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं, तेव्हाही एकाबरोबर व्यायाम चालत होता. व्यायाम, गप्पा नव्हे. बाकावर बसायचं नाही. डर्बीशायरमध्ये दोन मैत्रिणी हातात कॉफी घेऊन तळ्याकाठी चालत होत्या तर पोलिसांनी त्या कॉफीला सहल ठरवून दोनशे दोनशे पौंड दंड लावला. नंतर माफी मागून रद्द केला. आम्ही कॉफी थर्मासमधून चालता चालता प्यायचो. अंगावर सांडायची.

नदीच्या अलीकडे पहिल्या हेन्री राजाने 1121 मध्ये बांधलेल्या मठाचे अवशेष आहेत आणि त्याला लागून जुना तुरुंग. लाल विटांची उंच भिंत, आतले कैदी कधीच हलवलेत. लेखक ऑस्कर वाइल्ड तिथे कैदेत होता. 1 मार्च 2021 ला सकाळी घरी येताना त्या भिंतीपाशी ही गर्दी! भिंतीवर रात्रीत चित्र आलं होतं. कैदी चादरींना चादरी बांधून खाली उतरतोय आणि दोरीच्या टोकाला टाइपरायटर. बँक्सी म्हणजे तो नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणारा, त्याचं होतं, त्याने तीनचार दिवसांनी कबूल केलं. आम्ही दोघी गणवेशात, डोळे सुजलेले. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “इसका नाइट शिफ्ट खतम हो गया.”

रत्नागिरी

मी मुंबईत नोकरी करतो. मे 2020 मध्ये पास काढून गावी आलो. चौदा दिवस शाळेत. तेव्हा चाकरमान्यांकडे गाव कसं बघत होतं ते सांगायला नको. वाडीच्या तोंडावर ओंडके टाकलेले. दोष देत नाही, गावात एकच दवाखाना.

माझा बालमित्र बागायतदार. त्याची परिस्थिती माझ्याहून अवघड. त्या वर्षी वाशीची बाजारपेठ धड चालत नव्हती, आंबा झाडावर तयार, म्हणून त्याने थेट सोसायट्यांत पेट्या पोचवायला सुरुवात केली. स्वतः टेम्पो चालवायचा. मुंबईहून आला की घरी कोणी घेईना, मग तो बागेतल्या मांगरात राहायचा. मी शाळेतून सुटलो तेव्हा तो मांगरात होता. दोघेही गावाला नकोसे. शाळा सोडल्यानंतर एवढा वेळ आम्ही एकमेकांना कधी दिला नव्हता.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, दापोली-मंडणगडची वाट लागली. आमच्याकडे त्या मानाने थोडक्यात भागलं, तरी त्याची कलमं पडली. जुनी, त्याच्या आजोबांनी लावलेली. तो दोन दिवस काही बोललाच नाही. मग एका सकाळी मांगराच्या दारात येऊन म्हणाला, “चल सड्यार जाव.”

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. आम्ही तिथे गुरांमागे लहानपणी जायचो. खडकात कोरलेल्या रेघा असायच्या, त्यावर उड्या मारायचो. म्हातारी माणसं म्हणायची पांडवांनी काढलंय. त्या रेघांना आता कातळशिल्पं म्हणतात, माणसं लांबून बघायला येतात. उक्षीला हत्ती आहे, जांभरुणला चित्रांचा मेळाच आहे, राजापूरकडे कशेळीला प्रचंड हत्ती आहे. काही ठिकाणी गेंडा कोरलाय. कोकणात गेंडा! कोरणाऱ्याने तो बघितला असणार, नाहीतर काढणार कसा. मध्याश्मयुगातली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नाव गेलं तेव्हा मित्राने मला फक्त हत्तीचा इमोजी पाठवला.

त्या पावसाळ्यात, जिल्ह्याच्या आत पास लागत नव्हता म्हणून, आम्ही दोन मोटारसायकलींवरून, पुढेमागे, एकेक सडा बघत फिरलो. उक्षीच्या हत्तीभोवती गावाने चिऱ्यांचा गोल कठडा बांधलाय, वर उभं राहून पूर्ण आकार दिसतो. खालून नुसत्या रेघा. पण मला आवडले ते न बांधलेले, ज्यांना पाटी नाही. नुकती सर येऊन गेलेली असली की कोरलेल्या रेघांत पाणी साठतं आणि बाकी कातळ आधी सुकतो. तेवढा वेळ, पंधरावीस मिनिटं, चित्र पाण्याने काढलेलं दिसतं. आकाशाचा उजेड त्यात पडतो. मित्राने ते मला दाखवलं. त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलं नव्हतं. म्हणाला, “तू विचारलंस कधी?”

देवाचे गोठण्याला माणसाची आकृती आहे, तिथे होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. आम्ही मोबाइलवरचं लावून बघितलं. काटा गोलगोल. मित्र म्हणाला, हा माझ्यावर गेला.

ऑगस्टमध्ये सड्यावर फुलं आली, सीतेची आसवं, तेरडा. गणपतीला मुंबईकर आले, त्यांना दहा दिवसांचं विलगीकरण. मी तोवर गावचा झालो होतो, ओंडके टाकणाऱ्यांत मीही होतो. मित्राने ते बघितलं आणि गावासमोर मोठ्याने हसला. पडलेल्या कलमांच्या जागी त्याने नवी लावलीत. काजू पण घातलाय मध्ये.

पुन्हा पुणे

रत्नागिरीकर, उक्षीला आम्ही दोघी येऊ म्हणतो. मैत्रिणीचे गुडघे बरे आहेत, माझा पाठीचा पट्टा असतो. कधी यावं? आणि रेल्वेने जमेल का?

रत्नागिरी

ताई, गणपती होऊन गेले की या, सप्टेंबरच्या अखेरीस. फुलं असतात आणि धो धो पाऊस नसतो. उक्षी स्टेशन आहे कोकण रेल्वेवर, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, त्यापेक्षा रत्नागिरीला उतरून रिक्षा ठरवा. सड्यावर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी घ्या. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, रबरी तळाची चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. कठड्याच्या आत उतरू नका, रेघा झिजतात. जेवण आमच्याकडे. मित्र म्हणतोय, आंब्याच्या दिवसांत या म्हणजे पेटी तरी खपेल.